नेल्दाचा नंबर

साहेब, तुम्ही त्या मुलीचा पेला पळवलात. तिच्याच अंगणात, तिच्याच आंब्याखाली बसून, तिचा नंबर असताना हात पुढे केलात आणि प्यायलात. मग तोंड पुसून म्हणालात, हिला काही कळत नाही.

असं झालंच नाही म्हणत असाल, तर कसं झालं ते ऐका.

एर्मेलिंदा पिलार गावात नदीकाठच्या वस्तीत राहते, घरोघरी जाऊन इस्त्री करते. नेल्दा तिची एकुलती एक, विशीतली. हातपाय तिचं ऐकत नाहीत, जिभेवर शब्द बनत नाही, पाण्याचा घोट घेतला तरी ठसका लागून जीव घाबरा होतो. आई कामावर गेली की दिवसभर तिला सांभाळते ती लिदुविना. लग्न नाही, पोर नाही, तोंडाने फटकळ आणि स्वतःवर भलतीच खूश.

या लिदुविनाचं नाव काढलं की एर्मेलिंदाचा जळफळाट व्हायचा. संध्याकाळी थकून घरी यावं, तर पोरीची मान लिदुविनाच्या आवाजाकडे वळलेली. आईने हाक मारली तरी ती तिकडेच.

एकदा तिने विचारलंच, "काय जादू घातलीस गं माझ्या पोरीवर?"

"जादू कसली, काकू? आम्ही दोघी गप्पा मारतो."

"ती कुठे गप्पा मारते?"

"मारते की. तुम्ही आलात की बंद होते."

लिदुविना थट्टेनेच बोलली, पण ते एर्मेलिंदाला काट्यासारखं रुतून बसलं. मात्र तिच्याकडे एक गोष्ट होती, जी लिदुविनाला मिळणार नव्हती. तिने नेल्दाला कुशीत घट्ट धरलं की नेल्दा खालचा ओठ दातांआड घ्यायची. ते पोरीचं हसू. आईसाठीचं, फक्त आईसाठीचं. साऱ्या वस्तीला तिने ते सांगितलं होतं. कोणी लिदुविनाचं कौतुक केलं की ती म्हणायची, करू दे कितीही, ओठ माझ्याच कुशीत मुडपते.

मग एक दिवस ती लवकर घरी आली. आंब्याखाली तेरेरेची बैठक जमली होती, म्हणजे कडू पाल्यावरचं गार पाणी आळीपाळीने प्यायची. लिदुविना, शेजारच्या दोघी आणि चाकाच्या खुर्चीत नेल्दा. शिंगाचा एकच पेला, एकच नळी. लिदुविना पाल्यावर गार पाणी ओतायची आणि पेला फिरवायची. नेल्दाचा नंबर आला की गार शिंग तिच्या गालाला लावायची आणि नळीच्या टोकाने ओठ ओला करायची. नेल्दा नाकातून जोरात श्वास सोडायची. म्हणजे अजून हवं. पेला पुन्हा फिरून आला, तसा तिने पुन्हा श्वास सोडला. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र तिने खालचा ओठ दातांआड घेतला.

"बरं बाई, ग्रासियास," लिदुविना म्हणाली आणि तिला वगळून पेला पुढे दिला.

बैठकीत ग्रासियास म्हटलं की आमच्याकडे त्याचा अर्थ 'पुरे' असा. आभारच ते, पण त्यानंतर त्या माणसाला पेला द्यायचा नसतो.

एर्मेलिंदा फाटकातच थबकली. "हसली ती."

"नाही काकू. पुरे म्हणाली."

"माझ्या कुशीत ती तस्संच हसते."

लिदुविनाकडे कशालाही उत्तर तयार असायचं. त्या दिवशी ती पेला धुवायला उठली. उलट बोलली असती तर एर्मेलिंदाला परवडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून तिने बैठक बंद केली. माझ्या पोरीला खेळणं करू नकोस म्हणाली.

तुम्ही नेल्दाच्या सरकारी तपासणीला येणार हे कळलं तेव्हाही तिने लिदुविनाला बजावलं, "तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. आई मी आहे."

तुम्ही आलात, सोबत तुमच्या कचेरीतली एक बाई. तुम्ही सांगितलंत, मुलीला आपली इच्छा कळवता येत असेल तर ती घरी राहील, नाहीतर राजधानीत, असुन्सिओनच्या मोठ्या आश्रमात जाईल. एर्मेलिंदा म्हणाली, मला सगळं सांगते ती. तिने नेल्दाला कुशीत घेतलं, पोरीने ओठ मुडपला. बघा, हसली. तुम्ही उठलात आणि नेल्दाच्या खांद्यावर हात ठेवलात. तिने तुमच्यासाठीही ओठ मुडपला.

"कोणीही शिवलं तरी होतंय हे," तुम्ही म्हणालात. "याला काही अर्थ नाही."

अर्थ होता, आणि एर्मेलिंदाला तो ठाऊक होता. गप्प राहिली तर हसू तिचं राहत होतं आणि पोर जात होती. बोलली तर आपल्याच तोंडाने कबूल करायचं, की इतकी वर्षं माझी मुलगी माझ्या कुशीत मला पुरे म्हणत होती. तेही त्या लिदुविनासमोर.

"हसत नाही ती," एर्मेलिंदा म्हणाली. "पुरे म्हणते. तुम्हालाही म्हणाली, मलाही म्हणते." मग मागे न बघता, "लिदू, पाणी आण. नेल्दाला बैठकीत घे."

बैठक बसली. तुम्ही चवीने प्यायलात, शेवटी आमच्यातलेच तुम्ही. नेल्दाचा नंबर आला, तिने श्वास सोडला. पुन्हा आला, पुन्हा सोडला. मग लिदुविना पेला भरून तिच्याकडे वळली, आणि तुम्ही बोलता बोलता हात लांबवून तो मधल्यामध्ये घेतलात. आमच्याकडे दारू प्यालेलासुद्धा असं करत नाही. नेल्दाच्या घशातून लांबच लांब आवाज निघाला, डोकं खुर्चीवर आपटायला लागलं. तुमच्या सोबतच्या बाईने मान खाली घातली.

"असे आवाज ही मुलं काढतातच. हिला काही कळत नाही," तोंड पुसून म्हणालात. पेला परत दिलात आणि म्हणालात, ग्रासियास. लिदुविनाने तुम्हाला पुन्हा दिला नाही. जाताना सांगून गेलात, महिनाअखेरीस गाडी येईल.

त्या संध्याकाळी एर्मेलिंदा सवयीने नेल्दाला कुशीत घ्यायला वाकली. नेल्दाचा ओठ मुडपला. एर्मेलिंदाने हात काढून घेतले आणि ती शेजारी जमिनीवर बसली. बऱ्याच वेळाने नेल्दाने नाकातून जोरात श्वास सोडला. आत लिदुविना पेला विसळत होती. तो श्वास आपल्यासाठी की तिच्यासाठी, हे लिदुविनाला विचारलं असतं तर कळलं असतं. एर्मेलिंदाने विचारलं नाही. पोरीच्या गालाला गार हात लावून बघितला, तेवढंच.

गाडी अजून आलेली नाही, साहेब. तुम्ही एकदाच ग्रासियास म्हणालात आणि त्या अंगणात सगळ्यांनी ते ऐकलं, मानलं. तुमचा हात खांद्यावर पडताच नेल्दाही तेच म्हणाली होती. ते तुम्ही का ऐकलं नाहीत? गाडी पाठवण्याआधी याचं उत्तर द्या.