टेकडीवर जाऊन आलेली सुई

मी एक सुई बोलतेय. शिवणाची नव्हे, दवाखान्याची. तीही आधीच भरून ठेवलेली. आत काय भरलंय, तेवढं मात्र मला विचारू नका.

आम्ही साऱ्या बहिणी एका खोक्यातून इंदूरला आलो. काहींच्या पोटात अँटिबॉडीचं महागडं औषध, काहींच्या पोटात नुसतं पाणी. कुणात काय, ते डॉक्टरलाही कळू द्यायचं नाही आणि रोग्यालाही नाही. चाचणीचा नियमच तसा. सुईला सांगावं, असं तर कुणाच्या मनातही आलं नाही. म्हणजे मी एकतर रामबाण, नाहीतर नळाची मावसबहीण. रुबाब मात्र असा, की बर्फाशिवाय घराबाहेर पडत नसे.

चाचणी क्रोन्स नावाच्या आजाराची. त्यात शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. जखमा होतात, रक्त पडतं, माणूस वाळत जातो. परदेशात हे औषध लागू पडलं होतं. आशियातल्या पोटांना ते मानवतं का, हे बघायला २००७ साली मला देवासच्या योगेंद्रकडे धाडलं.

योगेंद्र बावीसचा. वर्गातून सारखं संडासला पळावं लागे, म्हणून कॉलेज सुटलेलं. वडील शरदचंद्र कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या लेखी आजार दोनच, ताप आणि आळस. आणि पोराला ताप नव्हता. मग रक्त दिसलं, तेव्हा टीबी समजून वर्षभर गोळ्या चारल्या. लोकांना सांगितलं, पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. शेजारच्या उमाबाई अंगणातून विचारत, कलेक्टर कधी होणार, आणि कलेक्टरसाहेब बाथरूमच्या दाराआडून ऐकत. थोरल्यांना पोराच्या आतड्यापेक्षा स्वतःचं नाक नाजूक.

आधीच्या दोन सुयांनी योगेंद्रचं रक्त थांबलं होतं. तिसरी मी. त्याच्या आईनं, अलकाबाईंनी, मला फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी जागा दिली. दार उघडून दिवा लागला, की मला वाटे दर्शनाला आले. लोक दही काढून दार लावत.

टोचायच्या दिवशी सकाळी शरदचंद्रांनी मला गुपचूप रुमालात गुंडाळलं, स्कूटरच्या डिक्कीत टाकलं आणि गाठली थेट देवीची टेकडी. महिना मे. पुजाऱ्यानं मला कुंकू लावलं. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यापुढे हात जोडत होतं, मी फुगले. परतताना डिक्कीत शिजत होते, तरी भाव खात होते. औषध असेन, तर तिथेच संपले. पाणी असेन, तर कोमट झाले.

योगेंद्रनं मला हातात घेतलं आणि विचारलं, "बाबा, ही गरम कशी?"

"देवीच्या पायाला लावून आणली. घे टोचून."

"आता नाही चालत ही. चाचणीच्या डॉक्टरीणबाईंना फोन करतो."

"काही गरज नाही. चाचणीतून काढतील तुला. वर म्हणतील, बाप अडाणी आहे."

"मग काय करू? तुमची अब्रू टोचून घेऊ?"

आतून अलकाबाई म्हणाल्या, "कर रे तू फोन."

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, टोचू नकोस, सुई परत आण, आणि टेकडीवर नेणाऱ्यांनाही आण. चाचणीत राहशील की नाही, ते आल्यावर बघू.

इंदूरच्या बसमध्ये मी शरदचंद्रांच्या मांडीवर, पुन्हा बर्फाच्या डब्यात. कपाळी कुंकू, अंगाखाली बर्फ. सवाष्णीचं मरण म्हणतात ते हेच. शिप्रेचा पूल मागे पडला आणि योगेंद्रनं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. कपाळावर घाम. तोंडातून शब्द नाही, कारण चारचौघांत असलं बोललेलं बापाला खपत नाही. शरदचंद्रांनी एकदा खिडकीबाहेर बघितलं, एकदा पोराकडे. मग उभे राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले,

"भिया, गाडी रोको. मेरे लडके को आंत की बीमारी है. उसको लॅट्रीन जाना है."

सगळी बस वळून बघू लागली. मागे कुणीतरी हसलं, कुणी उशीर होतोय म्हणून कुरकुरलं. शरदचंद्रांचे कान लाल झाले, पण ते खाली बसले नाहीत. गाडी थांबली. पोरगा बाभळींमागे गेला, आणि बाप मला छातीशी धरून, बसच्या खिडक्यांकडे तोंड करून, पोराच्या आड उभा राहिला.

योगेंद्रला चाचणीत ठेवलं, दुसरी सुई दिली. मी टाकाऊ सुयांच्या डब्यात आहे. जाळायला नेणार आहेत. माझ्यामुळे कुणी बरं झालं नाही, आणि सुई असून मी कुणाला टोचलेही नाही. ते काम योगेंद्रनं त्या सकाळी तोंडानंच उरकलं होतं.

येते मी.