लॅपटॉपला कंठ फुटला

दादा शहर बसचा ड्रायव्हर होता, पण डेपोत त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. गाडी डेपोत लावली रे लावली, की याच्या हातात चहा आणि तोंडात किस्सा. किस्से काही रोज नवे नसत. तेच ते, पण ऐकणाऱ्यांची हसून हसून पुरेवाट व्हायची, कारण कुठे थांबायचं हे त्याला बरोबर कळायचं. नेमक्या शब्दाच्या अलीकडे तो गप्प व्हायचा, कपात फुंकर मारायचा, सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घ्यायचा, आणि मग तो शब्द असा काही सोडायचा, की समोरच्याचा चहा नाकातून बाहेर यायचा.

पुढे त्याच्या घशाने दगा दिला. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. श्वास आता मानेवरच्या छिद्रातून चालायचा.

चिंगी त्याची धाकटी बहीण. चाळिशी उलटली, दवाखान्यात एक्स-रे काढते, पेशंट तिला मॅडम म्हणतात. पण दादाने लहानपणी ठेवलेलं नाव काही सुटलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून राहायची, ड्युटी संपली की दादाकडे डोकावून जायची. तिच्या डोळ्यांदेखत घर मुकं होत चाललं होतं. दादाला एक पाटी आणून दिली होती, वर खडूसारखं पेन. सुरुवातीला तो पाटीच्या पाटी भरायचा. पण त्याचं वाक्य लिहून होईपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असायचं. मग कुणीतरी उगाचच मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं विचारायचं, “काय म्हणतोस?” तो पाटी पुसून टाकायचा. फोनवर टाइप करायचं म्हटलं, तर स्टिअरिंग धरून रुंद झालेली बोटं. एका बोटाखाली तीन अक्षरं यायची. हळूहळू पाटीवर एकच शब्द उरला, ‘असू दे’. नंतर तोही गेला.

आणि वहिनी? वहिनी एकदम शहाण्यासारखी वागायला लागली होती. ज्या घरात पंख्याच्या बटणावरून महाभारत व्हायचं, तिथे आता “तुम्ही म्हणाल तसं,” एवढंच ऐकू यायचं. चिंगीला त्या शांततेचीच जास्त धास्ती वाटायची.

एका संध्याकाळी जुना विषय निघाला. तरुणपणी दादाने कारकुनाच्या नोकरीच्या आशेने मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. नोकरी काही मिळाली नाही, पण परीक्षेत नंबर काढला होता. वहिनी सहज म्हणाली, “अजूनही टेबलावर बोटं वाजवतात, तेव्हा टाइपच करत असतात. मला कळतं ते.”

चिंगीच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. तिच्याकडे एक छोटा लॅपटॉप पडून होता. स्वस्तातला, वहीएवढा. घेतल्याच्या वर्षभरातच त्याने मान टाकली होती. जागा इतकी कमी, की स्वतःचेच अपडेट त्याच्या पोटात मावत नव्हते. चालू केला की नुसतं गोल गोल फिरत बसायचा. दवाखान्यातला कॉम्प्युटर बघायला येणारा माणूस एकदा म्हणाला होता, “टाकून देऊ नका मॅडम, विंडोज काढून यावर लिनक्स घाला. हलकं असतं. पळेल.” टाइप केलेलं मराठीत वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिनक्सवर फुकट मिळतो, हे तिने स्वतः शोधून काढलं.

रविवारी ती लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह घेऊन दादाकडे आली. जेवणाचं टेबल रिकामं केलं. वहिनीने भाजी निवडायला घेतली, पण लक्ष सगळं इकडे. लिनक्स सुरू झालं, आणि पडद्यावरचं सगळं आडवं! अक्षरं भिंतीवर पालीने चढावं तशी खालून वर चाललेली.

“अगं बाई, हा झोपलाच की,” वहिनी म्हणाली.

“रोज लोकांना कुशीवर झोपवून फोटो काढते, तसा हा झोपलाय,” चिंगी मान वाकडी करून म्हणाली. असल्या स्वस्त लॅपटॉपला कधीकधी टॅबलेटचा पडदा बसवलेला असतो, म्हणून चित्र आडवं येतं, असं इंटरनेटवर वाचायला मिळालं. सेटिंगमध्ये जाऊन तिने पडदा फिरवला. सगळं सरळ झालं. पण बंद करून पुन्हा चालू केला, तर पासवर्ड विचारणारं पान परत आडवंच. चिंगी चरफडायला लागली. दादाने शांतपणे लॅपटॉप उचलला, पुस्तकासारखा उभा धरला, एका हाताने पासवर्ड मारला, आणि पुन्हा टेबलावर ठेवला. अशा चेहऱ्याने, की यात एवढं काय!

त्या पानाचं दुखणंही तिने दुपारपर्यंत काढलं. मग जुन्या टाइपरायटरची मराठी मांडणी शोधून कीबोर्डला लावली. दादाने खुर्ची पुढे ओढली. बोटं चाचपडली, एकदोनदा चुकली. ‘कि’ लिहायचा तर वेलांटी आधी मारायची, हे त्याच्या बोटांना आठवलं आणि मग ती सुटलीच. पडद्यावर ओळीमागून ओळ उमटायला लागली. वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

पहिलं वाक्य होतं, ‘भाजीत मीठ कमी घालत जा, असं मी तीन महिने सांगतोय.’

“कुठे सांगितलंत?” वहिनी म्हणाली. आणि डोळे पुसत आत गेली.

आता बोलण्याचं बटण. चिंगीने ते दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. आवाज शंभर टक्क्यांवर नेला. शुकशुकाट. सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी काहीतरी ‘डमी’ लिहिलेलं. म्हणजे यंत्राला आपल्याला तोंड आहे हेच ठाऊक नव्हतं.

पुढचा आठवडा असाच गेला. ड्युटीवरून यायचं, चहा घ्यायचा, डोकं खुपसायचं. इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या फोरमवर कुणीतरी दिलेली आज्ञा तिने न वाचताच चिकटवली, तर सगळा डेस्कटॉपच गायब. उरला काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. सगळं पुन्हा पहिल्यापासून घालावं लागलं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला: काय करणार आहे हे कळल्याशिवाय ओळ चिकटवायची नाही. एक्स-रेचं मशीनही ती असं हाताळत नव्हती, मग इथे कसली घाई?

दुसऱ्यांदा सगळं घातल्यावर तिने साउंडच्या चिपचं नाव शोधून काढलं, तिच्यासाठी लागणाऱ्या फायली मिळवल्या, आणि जागेवर ठेवल्या. ‘डमी’ जाऊन ‘स्पीकर’ आलं. तिने श्वास रोखून बटण दाबलं.

शांतता.

तिने लॅपटॉप ढकलला. “दादा, माझ्याच्याने नाही होत.”

दादाने तो स्वतःकडे ओढून टाइप केलं, ‘पेशंट दगावला. नातेवाइकांना कळवा.’ आणि तिच्याकडे बघून डोळा मारला. हसावं की रडावं तिला कळेना. पण किती महिन्यांनी त्याने काहीतरी वात्रट म्हटलं होतं! मग तो उठला, वहिनीच्या फोनची इअरफोनची वायर घेऊन आला, ती लॅपटॉपला लावली, एक टोक कानात घातलं आणि बटण दाबलं. त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने दुसरं टोक चिंगीच्या कानात कोंबलं.

आत कुणीतरी बोलत होतं. बारीक, किनरं, पण मराठीत.

“म्हणजे घसा ठीक आहे!” चिंगी ओरडली. “फक्त तोंड बंद आहे!”

नवा हुरूप आला. फोरमवर तिने नेमकं लिहिलं: इअरफोनमधून येतो, स्पीकरमधून येत नाही. दुसऱ्या दिवशी कुण्या अनोळखी माणसाचं उत्तर आलं होतं. आवाजाचे जे उभे खांब दिसतात ते भरलेले आहेत म्हणून फसू नका. प्रत्येकाच्या तळाशी दोन अक्षरं असतात, ती बघा. तिथे एम एम असेल, तर तो खांब मुका आहे. त्यावर जाऊन एम दाबा.

चिंगीने ते पान उघडलं. खांब वरपर्यंत लालभडक भरलेला, आणि खाली इवलीशी एम एम. इतके दिवस तिने खालती बघितलंच नव्हतं. शेजारी बसून दादा काहीबाही टाइप करून बोलण्याचं बटण दाबत बसलेलाच होता. त्याला ती आता सवयच लागली होती. तिने एम दाबलं.

“...लहानपणी घरातलं घड्याळ उघडून ठेवलं होतं हिने, जोडता कधीच आलं नाही!” लॅपटॉप सगळ्या घराला ऐकू जाईल असा खेकसला.

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. “कोण आलं? कोण बोललं?”

चिंगी हसून हसून टेबलावर आडवी झाली. “दादा बोलला, वहिनी! माझी चुगली करतोय!”

पण दादा हसत नव्हता. त्याने पुन्हा बटण दाबलं, वाक्य पुन्हा ऐकलं. डब्यात तोंड घालून बोलावं तसा पत्र्याचा आवाज. ना चढ ना उतार. सुरुवात झाली की शेवटापर्यंत धडधडत जायचा, सिग्नल तोडणाऱ्या गाडीसारखा. दादाने झाकण मिटलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. वहिनीने चिंगीला खुणेनेच सांगितलं, आज नको.

चिंगी घरी गेली ती खट्टू होऊन. आपल्याला लॅपटॉप दुरुस्त करायचा होता. दादाला स्वतःचा आवाज परत हवा होता. तो कोण देणार?

चार दिवस ती तिकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. दारात दादा, काखेत लॅपटॉप. जिना चढून आल्यामुळे छाती भात्यासारखी हलत होती. आत येऊन बसला, झाकण उघडलं, बटण दाबलं.

“चिंगे,” लॅपटॉप म्हणाला. मग थांबला. चांगला थांबला. दादाने तेवढ्यात तिच्या तोंडाकडे बघून घेतलं. “चहा टाक.”

चिंगी बघतच राहिली. “तू थांबवलंस त्याला? कसं काय?”

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. ‘चिंगे’नंतर स्वल्पविरामांची रांग होती, मुंग्यांसारखी. तेवढे दिवस घरी बसून त्याने हा उद्योग केला होता. एका स्वल्पविरामाला किती थांबतो, पूर्णविरामाला किती, सगळं बोटावर बसवून आला होता.

मग दोघं मिळून बसली. आवाजाची पट्टी खाली आणली, वेग कमी केला. दादा मान हलवायचा, अजून खाली, अजून थोडा. आवाज त्याचा झाला नाही, तो होणारही नव्हता. पण पत्रा जाऊन निदान लाकूड आलं. पडद्यावरची नको ती चित्रं त्याने सगळी काढायला लावली. मागे साधा गडद हिरवा रंग, वर चष्म्याशिवाय दिसतील अशी टपोरी अक्षरं. आणि वरच्या ओळीतल्या बटणांना त्याची ठरलेली वाक्यं. पहिल्या बटणाला कुठलं वाक्य लावायचं, हे विचारल्यावर त्याने जराही वेळ घेतला नाही. ‘थांबा, माझं संपलेलं नाही.’

चिंगीला ते वाचून एकदम गलबलून आलं. इतके महिने सगळे त्याचं ऐकायला तयार होते. थांबायला मात्र कुणी तयार नव्हतं. तिने शेजारचं, आवाज वाढवायचं बटणही त्याच्या अंगठ्याखाली येईल असं आणून ठेवलं.

दोघं परत दादाकडे आली, तेव्हा वहिनी कपडे वाळत घालत होती. दादाने लॅपटॉप गॅलरीच्या कठड्यावर टेकवला.

“मी डेपोत जाऊन येतो.”

“मुळीच नाही,” वहिनी वळूनही न बघता म्हणाली. “तिथे धूर, धूळ. मानेला ते छिद्र आहे, विसरलात?”

“रुमाल बांधतो.”

“रुमालाने काय होतंय? डॉक्टर काय म्हणाले होते, की...”

“थांबा, माझं संपलेलं नाही.”

वहिनी हातात ओला टॉवेल घेऊन वळली. दादाची बोटं पळत होती. “डॉक्टर म्हणाले फिरा. डॉक्टर म्हणाले माणसांत जा. तू सोयीचं तेवढं ऐकतेस.”

“मी सोयीचं ऐकते? मी? तीन महिने तुमच्या मागेमागे...”

“थांबा, माझं संपलेलं नाही.” दादाने अंगठा दाबला. “थांबा, माझं संपलेलं नाही!” शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी डोकावलं.

“आवाज चढवू नका माझ्यावर!” वहिनी कडाडली.

मग वहिनीच्या ध्यानात आलं आपण काय बोलून गेलो. तिने टॉवेल तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. चिंगी घाबरून पुढे झाली, तर वहिनी हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. दादाचंही पोट हलत होतं, आवाजावाचून, मानेतून फस् फस् श्वास निघत होता.

“बंदच पडलं होतं गं घर हे,” वहिनी नाक पुसत चिंगीला म्हणाली. “बंद म्हणजे... शांत नव्हतं, मेलेलं होतं. मला भांडायला कुणी नव्हतं गं.”

मग तिनेच आतून पांढराशुभ्र रुमाल आणला, दादाच्या मानेभोवती सैल बांधला, चार वेळा नीट केला. “तासाभरात परत यायचं. चहा एकच. आणि धूर दिसला की बाहेर उभं राहायचं.”

दादाने मान डोलावली. अगदी गुणी मुलासारखी. चिंगीला घेऊन तो जिना उतरायला लागला. पहिल्या वळणावर वरून वहिनीचा आवाज आला, “आणि ती चिंगी बरोबर आहे म्हणून दोन कप प्यायचे नाहीत!”

दादा थांबला. लॅपटॉप चिंगीच्या दोन्ही हातांवर ठेवला, झाकण उघडलं, आणि जिन्यातच उभा राहून टाइप करायला लागला. चिंगी टेबलासारखी स्थिर उभी राहिली. वर कठड्यावरून वाकून वहिनी वाट बघत होती.