तुम्हीच उचला

“आला बघा तुमचा जावई,” औषधांच्या खिडकीतून कंपाउंडर म्हणाला. “महिन्यातली आठवी खेप.”

वजनकाट्याशी बसलेल्या नर्सताईंनी दाराकडे पाहिलं. तोच तो. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण भलत्याच काजात, आणि दोन्ही हातांनी गच्च धरलेल्या बास्केटमध्ये तीन महिन्यांची मुलगी. सर्दी वाटते, श्वास भरभर चालतो, शी हिरवी झाली. दर वेळी नवं काहीतरी. डॉक्टर तपासायचे, पोरगी ठणठणीत निघायची आणि ताई कार्डावर ‘बाळ ठीक’ असा शिक्का मारून मोकळ्या व्हायच्या. बायको बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेलेली, म्हणून आता हा रजा घेऊन घरी. पहिलटकर बाप आहे, घाबरतो बिचारा, असं म्हणून सगळे हसायचे. ताईसुद्धा हसायच्या, खोटं कशाला बोला.

तीस वर्षं या दवाखान्यात त्या बाळांची वजनं करत होत्या. त्यांची एक खोड होती. आईबापांना बाळ उचलूच द्यायचं नाही. आपण उचलायचं, हातातच तोलायचं, “पाच किलो दोनशे,” असं सांगून टाकायचं आणि मग काट्यावर ठेवायचं. काटा ताईंना घाबरून असतो, असं कंपाउंडर म्हणायचा. शिवाय रांग भराभर सरकायची. पण परवा त्या पायरीवरून घसरल्या, आणि आज उजवं मनगट पट्टीत होतं.

“आज काय झालं?”

“सकाळपासून गप्प गप्प आहे.”

“बरं. ठेवा काट्यावर.”

त्याने बास्केट टेबलावर ठेवली आणि हात पाठीमागे बांधून दोन पावलं मागे सरला.

“तुम्हीच उचला ना, ताई.”

“माझा हात दिसतोय ना? उचला, लोक खोळंबलेत.”

“नको. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.”

“शोभेचे बाप नुसते,” रांगेतल्या एक आजीबाई पुटपुटल्या.

ताईही चिडणारच होत्या. शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात त्यांना त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. या माणसाला मुलीला उचलताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? बास्केट टेबलावर आली रे आली की ताईंचेच हात आधी पुढे.

त्यांनी पडदा ओढून घेतला. बाहेर कुरकुर सुरू झाली.

“खरं सांगा. घरी तरी घेता हिला?”

“हिची आई कामावरून येईपर्यंत बास्केटमध्येच असते. दूधही तिथेच पाजतो. रडली की बास्केट हलवतो.” तो फरशीकडे बघत होता. “आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, ताई. एकदा हिला घेऊन जिन्यात उभा होतो. एकदम मनात आलं, हिला खाली टाकलं तर? मला टाकायचं नव्हतं. पण आलं मनात. आता दिवसातून पन्नासदा येतं. इथे आलो की तेवढा वेळ ती तुमच्या हातात असते.”

“बायकोला बोललात?”

“बोललो तर ती मला हिच्याजवळ ठेवेल का? तुम्हीही कार्डावर लिहू नका. पाया पडतो तुमच्या. माझी पोरगी नेतील माझ्यापासून.”

ताईंना स्वतःचीच चीड आली. मुलीच्या आईला त्यांनीच फोन करून विचारलं होतं, झोप लागते का, रडू येतं का, भीती वाटते का. सगळ्या आयांना विचारायच्या प्रश्नांचा तसा तक्ताच होता. बापासाठी तक्ता नव्हता. म्हणून हा हिरव्या शीचं निमित्त काढून येत राहिला, आणि त्या शिक्के मारमारून त्याला परत पाठवत राहिल्या.

“असे विचार पुष्कळ आईबापांना येतात,” त्या म्हणाल्या. “बोलत कुणी नाही, इतकंच. यावर उपचार आहेत. डॉक्टर आत आहेत, आपण दोघं जाऊ.”

“आणि ही? हिला नेणार नाहीत ना?”

“खोटा शब्द देत नाही मी. डॉक्टर खोदून खोदून विचारतील, तुमच्या बायकोलाही बोलावतील. पण हा बाप आठ वेळा मदत मागायला आलाय आणि आम्हालाच कळलं नाही, हे मी त्यांना सांगणार.”

त्याने बास्केटमध्ये पाहिलं. मग त्याने हात पुढे केले.

“पडली तर?”

“खाली माझा डावा हात आहे. चांगला आहे तो.”

त्याने मुलीला उचललं. पोरीने ऐसपैस जांभई दिली आणि त्याचा तो वाकडा शर्ट मुठीत धरला.

“किती वाटते?” ताईंनी विचारलं.

“जड,” तो म्हणाला आणि रडायला लागला.

ताईंनी त्याला खुर्चीवर बसवलं, मुलगी मांडीवर नीट आहे ना ते पाहिलं. मग एक कोरा केसपेपर पुढे ओढला.

“नाव सांगा.”

“कार्डावर आहे की तिचं.”

“तिचं नाही. तुमचं.”

आठ खेपांत ते कुणी विचारलंच नव्हतं. त्याने हळू आवाजात सांगितलं. ताईंनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत ते लिहून घेतलं.