मधला ठिपका

मी फळा बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलंच मी सांगत आलो. आज माझं स्वतःचं थोडं सांगतो. घाई नसेल तर बसा. मी हळू बोलतो.

मी लाकडाचा. दोन फळ्या जोडून, वर काळा रंग देऊन सुताराने मला केलं. त्या जोडाची रेघ अजून माझ्या पोटावरून आडवी जाते. आधी मी एका शाळेत पहिलीच्या वर्गात होतो. मुलं दरवर्षी पुढे जायची, मी मात्र पहिलीतच. म्हणून माझं शिक्षण तेवढंच. पुढे शाळेने नवी इमारत बांधली आणि मला विद्यापीठात पाठवलं. ऐकायला मोठं वाटतं, पण खरं कारण वेगळं होतं. समाजशास्त्राच्या संशोधकांच्या खोलीत भिंतीला ओल आली होती, आणि ती झाकायला काहीतरी रुंद हवं होतं.

त्या खोलीत सगळे संगणकाकडे तोंड करून बसत. माझ्यावर कोणीतरी एकदा ‘कप धुऊन ठेवा’ असं लिहिलं, ते कित्येक महिने तसंच राहिलं. कपही तसेच राहिले.

मग ती आली. पीएच.डी. करायला आलेली, किरकोळ बांध्याची, कोपऱ्यातलं टेबल मिळालेली मुलगी. आल्या आल्या तिने ओलं फडकं घेऊन मला स्वच्छ पुसलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी तोंड धुतल्यासारखं वाटलं मला. मग तिने खडूने ठिपके काढायला सुरुवात केली. एका ओळीत ठिपके, समोर दुसरी ओळ, आणि ठिपक्याठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा.

शेजारच्या टेबलावर एक मिशीवाला संशोधक होता. मोबाइलवरून अफवा कशा पसरतात, हा त्याचा विषय. स्वतः एक अफवा सोडायचा नाही.

“काय गं, आभाळ काढतेस?” त्याने विचारलं.

“आभाळ कशाला? गल्ली आहे. आमची.”

“आणि हा मधला एवढा जाड कोण? नगरसेवक?”

“बाबा,” ती म्हणाली.

मिशीवाल्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग तिनेच सांगितलं. बाबा बस चालवायचे. गल्लीत सगळी डेपोतलीच माणसं. एकदा मोठा संप झाला. साहेबांनी बाबांना दम दिला. नोकरी नवी होती आणि घरात ही पाळण्यात. बाबांनी गाडी बाहेर काढली, एकच फेरी मारली आणि घाबरून परत आणून लावली. त्या संध्याकाळपासून गल्ली त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

“अजून?”

“अजून. संप मिटला, डेपोसुद्धा हलला. कोणी सभा घेतली नव्हती, कोणी ठरवलंही नव्हतं. मग इतकी माणसं एकदम गप्प झाली कशी? मला तेच शोधायचंय.”

हे झालं तिचं संशोधन. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. संगणकात तिने एक खोटी गल्ली वसवली. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस, आणि प्रत्येकाला एक साधा नियम. आजूबाजूला बघायचं. बाकीचे बोलत असतील तर बोलायचं, नसतील तर गप्प बसायचं. मग गल्ली चालू करायची आणि काय होतं ते बघायचं. सुरुवातीला दोघं-तिघं रागावून गप्प होत. त्यांच्याकडे बघून शेजारचे, त्या शेजाऱ्यांकडे बघून पलीकडचे. बघता बघता पडद्यावरचे सगळे ठिपके काळे पडत.

खऱ्या गल्लीतही ती रेकॉर्डर घेऊन घरोघर गेली. परत आल्यावर ते आवाज ती खोलीत ऐकायची.

“आमचं काही वाकडं नव्हतं हो त्याच्याशी. पण बाकीचे बोलत नव्हते, मग मीच कशाला पुढं पुढं करू?”

“मनात राग नव्हता गं पोरी. पण लोक काय म्हणतील?”

एकामागून एक आवाज, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. ऐकता ऐकता ती आधी हसली, मग टेबलावर डोकं टेकून रडली.

“राग कोणालाच नव्हता रे,” ती मिशीवाल्याला म्हणाली. “प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला आहे.”

एकदा दुपारी दारात एक उंच, वाकलेला माणूस येऊन उभा राहिला. हातात चष्म्याचं घर.

“विसरून आलीस,” तो म्हणाला. “डोळ्यावर ताण येईल.”

“बाबा! एवढ्यासाठी इतक्या लांब?”

“बसचा पास आहे की मला. तो कधी वापरायचा?” मग त्याची नजर माझ्याकडे गेली. “हे काय?”

“आपली गल्ली.”

तो जवळ आला. घरं ओळखू लागला असावा. ओठ हलत होते. “मी कुठला?”

तिने मधला ठिपका दाखवला.

“मलाच एवढा जाड काढलायस होय?”

“खडू मऊ होता, बाबा.”

त्याने ठिपक्यावर बोट ठेवलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. तिलाही विचारायचं होतं. ती खडू हातात नुसताच फिरवत होती. शेवटी ती म्हणाली, “चहा घेणार?”

“नको. तुझं काम चालू दे.” त्याने बोटाचा खडू रुमालाला पुसला आणि तो गेला.

पुढे तिचं काम अडलं. गल्ली गप्प कशी झाली ते तिला दाखवता येत होतं, पण ती पुन्हा बोलती कशी होईल ते सापडेना. नियम बदलून पाहिले, ठिपके हलवून पाहिले. पडदा काळा तो काळाच. मग एके दिवशी तिच्या मार्गदर्शक बाई आल्या. त्या बाई बोलायला कडक, पण खिशात नेहमी खडू. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, “या मधल्याला कुठला नियम दिलास?”

“त्याला नाही दिला. त्याच्या बाबतीत सगळं घडतं, तो काही करत नाही.”

“माणूस आहे की विजेचा खांब?”

तिने फडकं उचललं आणि परत ठेवलं.

“सगळी गल्ली विचारून आलीस. यांना विचारलंस?”

“त्यांना दुखेल म्हणून...” ती थांबली.

बाई गेल्यावर तिने मधल्या ठिपक्याला नियम दिला. रोज एकदा कोणालातरी आपणहून हाक मारायची. गल्ली चालू केली. आधी काहीच नाही. मग शेजारचा एक ठिपका उजळला. मग त्याच्या पलीकडचा. थोड्या वेळाने सगळी गल्ली दिवाबत्ती झाल्यासारखी लखलखली. मिशीवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला.

“आज घरी जाऊन विचार त्यांना,” तो म्हणाला. “खऱ्या गल्लीत ते काय करायचे, ते. आजच.”

“विचारते. पण आधी प्रबंध जमा होऊ दे. तारीख डोक्यावर आलीय. एकदा हे हातावेगळं झालं की रविवारी निवांत बसेन त्यांच्याजवळ.”

तसे बरेच रविवार त्या कोपऱ्यातल्या टेबलावर गेले. मी बघत होतो. पण फळ्याचं कोण ऐकतं?

एका सकाळी तिचा फोन वाजला आणि ती पिशवी तिथेच टाकून धावली. बाबा गेले होते. झोपेतच.

बऱ्याच दिवसांनी ती आली. मिशीवाल्याने न विचारता चहा आणून पुढे ठेवला.

“सगळी गल्ली आली होती,” ती म्हणाली. “एकूण एक माणूस. जो तो म्हणतोय, मी बोलणारच होतो.”

“असू दे.”

“शेजारचे काका आहेत ना, बाबांच्याच गाडीवर कंडक्टर होते. माझा हात सोडेनात. म्हणाले, तुझे बाबा रोज संध्याकाळी आमच्या दाराशी थांबायचे गं. चपलेचा आवाज बंद व्हायचा, तेवढ्यावरून मला कळायचं. मी आत जीव मुठीत धरून बसायचो. वाटायचं, आता हाक मारेल. मग पुन्हा चप्पल वाजायची.” तिचा चहा तसाच राहिला. “म्हणजे नियम होता बाबांना. थांबायचं, आणि बोलायचं नाही. मी विचारलं असतं तर मला सांगितलं असतं त्यांनी. मी त्यांना शेजारी काय म्हणाले ते ऐकवलं असतं. दारापर्यंत तर ते जातच होते रे.”

मग तिने तो खरा नियम संगणकात घातला. गल्ली काळीच राहिली. प्रबंधात तिने तीच गल्ली दिली. लखलखलेली दाखवली असती तर बाईंनाही आवडली असती; पण ती खोटी होती, म्हणाली. पदवी मिळाली. बाईंनी पाठ थोपटली. तिने मान हलवली, एवढंच.

जायच्या दिवशी ती एकटी माझ्यासमोर उभी राहिली. ओल्या फडक्याने सगळी गल्ली पुसली, पण मधला ठिपका ठेवला. त्याच्या शेजारी कंडक्टरकाकांचा ठिपका पुन्हा काढला. आणि दोघांमध्ये एक रेघ ओढली. ती रेघ कुठल्याही संशोधनातली नव्हती. खडू इतका दाबला की मोडला.

नंतर खोलीत पांढरा, गुळगुळीत फळा आला. मला काढून जिन्याखाली ठेवलंय. माझ्या पुढ्यात बादल्या असतात. ठिपके आता पुसट झालेत. ती रेघ मात्र लाकडात उतरली आहे. अंधारात दिसत नाही, पण मला ती कळते, जुन्या जोडाच्या रेघेसारखी.

वरून पावलं जातात. काही पावलं जिन्याच्या वळणावर जरा थांबतात. समोरून कोणीतरी येत असतं. मी आतल्या आत म्हणतो, बोल. मग पावलं पुन्हा चालू लागतात.

मला बोलायला एवढी वर्षं लागली. तुम्ही इतका उशीर करू नका. दारापर्यंत गेलाच आहात, तर हाक मारा.