पश्चिमेला उतू गेलेलं दूध

हरणाबाईचा दुपारी डोळा लागला की माळावरची मेंढरं पाण्यावर चरायला लागत. तामलवाडीच्या माळाला समुद्र कुठला? पण नातू भागवत नौदलात गेल्यापासून तिच्या झोपेत निळं रान पसरायचं, आणि करड्या पाठीची जहाजं माना खाली घालून त्यात संथ सरकायची.

भागवत आता किनाऱ्यावरच्या कचेरीत होता. कोणतं जहाज कधी निघणार, कोणतं दुरुस्तीला गोदीत लागणार, कोण चढणार, कोण घरी जाणार, हे सगळं तिथला कॉम्प्युटर जुळवायचा. भागवतनं नियम सांगायचे. कॉम्प्युटरनं ते हजार तऱ्हेनं मांडून सगळ्यांत सोयीचं पुढं ठेवायचं.

पाडव्याला मेंढवाड्यात दूध उतू घालायची रीत. फेस ज्या दिशेला सांडेल, तिकडनं वर्षभर बरकत. चूल घरच्या पुरुषानं पेटवायची, आणि घरात पुरुष आता भागवत एकटाच.

पाडवा तोंडावर आला नि त्याचा फोन आला.

"आजे, औंदा जमत न्हाय. मशिननं मला जहाजावर टाकलंय."

"मशिनला चारा तूच घालतोस न्हवं? मग एक मूठ आपल्या अंगणात टाक की."

भागवत हसला. "टाकता येतंय. मला सुट्टी दे म्हणलं की ते बाकीचं जुळवून देतं. पण मग माझ्या जागी कचेरीतला सोमलिंग जातोय. त्याची बायको कालच बाळंत झाली. आता तूच सांग."

हरणाबाईची नजर दाराकडं गेली.

तिला थोरला झाला, तेव्हा मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायची पाळी तिच्या नवऱ्याची, धुळाप्पाची होती. ती बाजेवर पडून दाराकडं बघत होती. तेवढ्यात भावकीतला म्हातारा बलभीम आला, धुळाप्पाच्या खांद्यावरची घोंगडी उचलून त्यानं आपल्या खांद्यावर टाकली नि वाटेला लागला. उन्हात विरत गेलेली त्या मेंढरांची घंटा तिला अजून ऐकू यायची.

"जा बाबा," ती म्हणाली. "दुधाचं मी बघते."

पाडव्याला चूल तिनंच पेटवली. शेजारची शांताक्का गोवऱ्या सारत होती. हरणाबाईनं हळूच मडक्याच्या उगवतीकडच्या अंगाला एक चपटा दगड सरकवला. मडकं मावळतीकडं, समुद्राच्या बाजूला कललं.

"अगं बया! नातवानं मशिन वाकडं केलं न्हाय, म्हणून तू देवच वाकडा करतीस व्हय?"

"देव जुना हाय, अक्का. त्याला माझी खोड ठावं हाय."

दूध फुगत वर आलं, काठावर क्षणभर थबकलं, मग मावळतीकडं ओघळलं. राखेत चर्र झालं. मेंढरांनी माना वर केल्या.

हरणाबाईनं डोळे मिटले. निळ्या रानात एक करडी पाठ कळपातून पुढं निघाली होती, आणि तिच्या मागं फेसाची वाट उमटत होती, दुधासारखी. कुठंतरी घंटा वाजत होती.