अंडे कशाने तरंगते?

मोरोक्कोतल्या मेक्नेस शहराबाहेर, फ्लॅटविक्रीच्या मंडपात सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा नव्हती. आणि प्रत्येकाच्या हातात एक कच्चे अंडे होते. कुणी रुमालात बांधून आणले होते, कुणी टोपीत, एका बाईने तर पोराच्या बुटात जपून आणले होते. मंडपामागे शेतात नुसते खांब उभे होते, भिंतींचा पत्ता नव्हता. फलकावर मात्र चारशे फ्लॅट रंगवलेले होते.

चौथऱ्यावर काचेची दोन मोठी भांडी होती आणि त्यांच्यामागे पांढऱ्या झग्यातला फकीह, म्हणजे धर्मपंडित.

"अंडं तुमचं, घरून आणलेलं! माझा हातसुद्धा लागलेला नाही!" तो ओरडला. "हे नळाचं पाणी. टाका!"

अंडे गटकन तळाला गेले.

"हे भाडेकरूचं नशीब! आता हे वलींच्या, आपल्या संतांच्या, पवित्र झऱ्याचं पाणी. टाका!"

तेच अंडे डुलत वर आले. बायकांनी आनंदाने लांब ललकारी दिली.

"हे मालकाचं नशीब! घराचा भाव असाच वर राहणार. आज सहा लाख दिरहम, पुढल्या रमजानला नऊ लाख! हप्त्याची काळजी कशाला? वाढलेला भावच हप्ता फेडेल. तुम्ही निवांत बसून पुदिन्याचा चहा प्या. फक्त या पाण्याला बोट लावू नका. पापी बोट लागलं की बरकत उडाली!"

तिसऱ्या रांगेत बूसेलहाम उभा होता. जुन्या बाजारात चाळीस वर्षे मिठाच्या पाण्यात मुरवलेली जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, फळे विकणारा माणूस. काखेत घराची कागदपत्रे होती. त्याची बायको ताम्मू गेल्या वसंतात वारली, त्याच घरात. आता मुलीला, नुझाला, इथे फ्लॅट हवा होता. तिचा नवरा शिंपी, त्याला पगाराची चिठ्ठी कुठून असणार? म्हणून बँकेला बापाचे घर गहाण हवे होते.

"बा, सही करा ना आता," नुझा म्हणाली. "आई असती तर नाही म्हणाली असती का?"

"तुझी आई खजूर घ्यायचा तरी तीन दुकानांत भाव विचारायची."

"तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते!"

तेवढ्यात पुढच्या माणसाचे अंडे तरंगले आणि बूसेलहामची नजर त्यावर खिळली. पाण्याबाहेर कवचाचा दिरहमच्या नाण्याएवढा गोल दिसत होता. नेमका तेवढाच. दर हिवाळ्यात ताम्मू जैतून मुरवायच्या पिंपात अंडे सोडायची आणि सांगायची, "नाण्याएवढं वर आलं, आता मीठ पुरे." आताशा घरी जैतून मुरवतो कोण? सगळे तयारच विकत नेतात. मंडपातल्या कुणालाच ते आठवले नव्हते.

तो रांग मोडून चौथऱ्यावर चढला आणि झऱ्याच्या पाण्यात सरळ बोट बुडवून चाखले.

"अरे, पकडा त्याला! बरकत गेली!"

"बरकत नाही, मीठ आहे," बूसेलहाम थुंकत म्हणाला. "मी फळं मुरवतो तेवढंच. माप बरोबर घेतलंस रे, फकीह."

फ्लॅट विकणारा दलाल जव्वाद धावत आला; सगळे त्याला आदराने 'सी जव्वाद' म्हणत. "हाजी, खाली उतरा. लोकहो, माफ करा. बायको गेल्यापासून यांचं डोकं ठिकाणावर नाही."

"बायको गेली. जीभ आहे अजून."

त्याने बाजूच्या नळाच्या पाण्याच्या दोन घागरी त्या भांड्यात ओतल्या आणि बाही वर करून ढवळले. अंडे डगमगले आणि हळूहळू तळाला जाऊन बसले.

"अंड्यात काही नव्हतं. खाली मीठ होतं म्हणून ते वर होतं. भावाचंही तसंच आहे. सी जव्वाद, माझ्या जावयाची कमाई कागदावर किती लिहिलीत?"

"नऊ हजार. अहो, सगळेच तसं लिहितात."

"तो चार हजार कमावतो. हप्ता?"

"अडीच हजारच फक्त!"

"तो पहिली दोनच वर्षं, कागदात तसं आहे. तिसऱ्या वर्षी?"

"ते... बाजारावर असतं."

"ऐकलंत?" बूसेलहाम लोकांकडे वळला. "ज्याला फेडता येत नाही त्यालाही कर्ज मिळतंय. म्हणून सगळे घ्यायला धावताहेत आणि म्हणून भाव चढतोय. कर्ज हेच इथलं मीठ; ते संपलं की अंडं तळाला. मग फ्लॅट बँकेचा, माझं घरही बँकेचं, आणि यांची दलाली यांच्या खिशात."

"लोकांत लाज आणलीत, बा," नुझा रडवेली झाली होती. पण ती जव्वादकडे वळली. "सी जव्वाद, तिसऱ्या वर्षाचा हप्ता जास्तीत जास्त किती होईल, तेवढं कागदावर लिहून द्या. मग मीच बांना सही करायला लावते."

जव्वादने खिशातले पेन काढले, पाहिले आणि परत खिशात ठेवले.

"असं लिहून देत नसतात, ताई."

"मग असं घरही गहाण टाकत नसतात." तिने बापाच्या काखेतली कागदपत्रे काढून आपल्या पिशवीत घातली.

"माझ्या मेहुण्याचा फ्लॅट वर्षात दीड लाखानं वाढला!" मागून कुणी ओरडले.

"विकला का त्यानं?" बूसेलहामने विचारले.

"नाही अजून."

"मग वाढलं काय? नुसतं बोलणं."

काही जण हसले, काही शिव्या देत निघाले, आणि वीसेक माणसे अंडी सांभाळत तिथेच उभी राहिली. फकीह दुसरे भांडे भरायला वाकला होता.

बूसेलहाम चौथऱ्यावरून हलला नाही. "उद्याही येईन, परवाही येईन," तो म्हणाला. "हाकलायचं तर हाकला. घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. डोक्यावर छप्पर कुणाला नको? पण आपल्या कमाईत बसेल तेवढंच घ्या. अडाणी असाल तर कागद दुसऱ्याकडून वाचून घ्या. आणि कुणी सांगितलं, बोट लावू नका, तर सगळ्यात आधी तिथंच बोट लावा."