वाळे वजा जाता

मी अंगणवाडीतला जुना वजनकाटा. गोल तोंडाचा, आढ्याला टांगायचा, खाली निळी चड्डी लोंबणारा. आता रोहण्याजवळच्या एका घरात खुंटीला आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: माझा काटा कधी खोटं बोलला नाही, आणि तिचा हातही कधी खोटं लिहीत नव्हता.

ती म्हणजे छायाबाई, आमची सेविका. दर महिन्याला लेकरं माझ्या चड्डीत बसायची आणि असा टाहो फोडायची, जणू मी त्यांना गिळायलाच आलोय. आयांना वेगळीच धास्ती.

"बाई, वाळे नका काढू जी. नजर लागते लेकराले."

छायाबाई भांडायची नाही. "राहू दे. किती तोळ्याचे हायेत?" असं विचारायची आणि तेवढं वजन वजा करून वहीत लिहायची. मला ते फार आवडायचं. चांदी काय दूध पिते?

एकदा पर्यवेक्षिका दीपमाला मॅडम अचानक आल्या. त्यांनी लहानग्या पियुषला वाळ्यांसकट लटकावलं. वहीपेक्षा दीडशे ग्रॅम जास्त. दुसऱ्या लेकराचंही तेच.

"वहीत कमी अन् काट्यावर जास्त, हे काऊन?"

"मॅडम, वाळ्याचं वजन लेकराचं थोडीच असते?"

मॅडमनी ऐकून घेतलं, लिहिलं मात्र भलतंच: लेकरं कुपोषित दाखवून जादा आहार लाटला. छायाबाईला काढून टाकलं. लोकांच्या जिभेला हाड नसतंच. 'लेकरांच्या तोंडचं खाणारी' म्हणू लागले. नोकरी गेल्यापेक्षा ते तिला जास्त लागलं.

तिनं नागपूरच्या न्यायाधिकरणात अर्ज केला. तोवर अंगणवाडीत नवं यंत्र आलं होतं आणि मी अडगळीत पडलो होतो. सरपंचांना विचारून तिनं मला घरी आणलं. साहेबांसमोर आधी लेकरू वाळ्यांसकट तोलायचं, मग नुसते वाळे, असं तिनं ठरवलं होतं. पहिल्या तारखेला तिच्या मांडीवर बसून मी एसटीनं नागपूरला गेलोसुद्धा. साहेब रजेवर होते. पुढची तारीख मिळाली, मंगळवारची.

त्याआधीच्या शनिवारी तिचे सासरे किसनराव वारले.

मंगळवारी सकाळी तिनं मला पिशवीत घातलं, तर सासू आनंदाबाई दारात आडवी.

"मयताच्या घरची बाई दिवस झाल्याबिगर गावाबाहेर जाते का वं?"

नवऱ्याला, कैलासला पाठवावं, तर अग्नी त्यानंच दिलेला. त्यालाही बाहेर पडता येईना. छायाबाई थबकली.

"कोर्टातही माणसंच असतीन ना," ती म्हणाली. "मयत झाल्यावर कोण बोलावते?"

आमच्याकडे असंच असतं. सुतक पडलं की ठरलेलं लग्नसुद्धा पुढे जातं, त्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही. चिठ्ठी धाडावी, फोन करावा, हे त्या भरल्या घरात एकालाही सुचलं नाही. मला सुचलं होतं, असंही नाही. नागपुरात तिचं नाव पुकारलं गेलं. कोणी उठलं नाही.

आदेशाचं पाकीट बऱ्याच दिवसांनी आलं. फेरअर्जाला महिन्याची मुदत होती, ती टळून गेली होती. छायाबाईनं कागद दोनदा वाचला.

"काय म्हणते वं?" आनंदाबाईनं विचारलं.

"म्हणते, अर्जदार गैरहजर. तिले प्रकरण चालवण्यात स्वारस्य दिसत नाही. खारीज."

"अन् खरं-खोटं काय म्हणते?"

"ते पाह्यलंच नाई, आई."

"मीच आडवलं तुले," आनंदाबाई म्हणाली. छायाबाईनं कागदाची घडी करून पाकिटात घातली.

आता ती कापूस वेचायला जाते. अंगणवाडीवरून जायची वाट तिनं सोडली आहे.

मला गंज चढलाय. भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कोणी त्या कार्यालयात गेलात, तर तिला स्वारस्य नव्हतं ही एक ओळ तेवढी खोडून या. त्या सकाळी ती दारापर्यंत आली होती. मी तिच्या हातात होतो.